पुढचे चाक उतरविताना : उजनीकाठच्या गावांसाठी काही उपयुक्त माहिती

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा व माढा तसेच पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील नदीकाठचे जीवन पालटून गेले. यशवंतसागर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जलाशयाने जुनी गावठाणे, जुने रस्ते आणि नदी ओलांडण्याचे जुने उतार आपल्या पोटात घेतले. केत्तूर, वांगी यांसारख्या गावांच्या नावांपुढे आजही लागणारे क्रमांक त्या स्थलांतराची आठवण करून देतात. पाण्याबरोबर ऊस आला, केळी आली, मासेमारीचा व्यवसाय वाढला. कंदरची केळी आज परदेशी बाजारपेठेपर्यंत पोहोचली आहेत आणि जलाशयातील मासळीमुळे भिगवणचा बाजार दूरवर परिचित झाला आहे.

मात्र या समृद्धीबरोबर दळणवळणाचा एक प्रश्नही काठावरील गावांच्या वाट्याला आला. पूर्वी नदीपात्रातून पायी वा बैलगाडीने जेथे जाता येत असे, ते पैलतीरावरचे गाव आता विस्तीर्ण पाण्याच्या पलीकडे गेले. रस्त्याने जायचे तर मोठा वळसा पडतो आणि पाण्यातून जायचे तर बोटीचा आधार घ्यावा लागतो. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांना प्राण गमवावे लागले. जलप्रवासात किती जोखीम असते हे त्या दुर्घटनेने सर्वांच्या लक्षात आणून दिले.

अशा परिस्थितीत काठावरील कुटुंबाचा खरा आधार म्हणजे मोटारसायकल. पहाटे दुधाच्या किटल्या संकलन केंद्रावर पोहोचविणे, जाळ्यातील मासळी बाजाराला नेणे, जेऊर वा केमच्या रेल्वे स्थानकावर वेळेत जाणे, मुलांना शाळेत सोडणे, आजाऱ्याला दवाखान्यात नेणे ही सर्व कामे ती एकटी करते. ती बंद पडली की घरातील चार कामे खोळंबतात. मागच्या चाकाची दुरुस्ती गावात बहुधा होऊन जाते. पुढच्या चाकाच्या बाबतीत मात्र हाताशी योग्य पाना नसल्याने अनेकदा छिन्नी-हातोडीचा प्रयोग केला जातो आणि साधे काम अवघड होऊन बसते. त्याहून गंभीर बाब ही की, असे चाक घाईने परत बसविले जाते आणि त्याच गाडीवर दोन-तीन माणसे प्रवासाला निघतात.

योग्य हत्यार नसताना घरच्या साधनांनी हे काम कसे करावे आणि कोणत्या ठिकाणी तडजोड मुळीच करू नये, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे. चाक उतरविण्यासाठी हत्यार कामचलाऊ असले तरी चालते. चाकाची बसवणी मात्र कामचलाऊ असता कामा नये, हे सूत्र वाचकांनी प्रारंभीच ध्यानी घ्यावे.

पाणी, गाळ आणि चाक

उजनी जलाशयाच्या एकूण सुमारे ११७ टीएमसी साठ्यापैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा आहे. कमी पावसाच्या वर्षी धरण 'उणे' पातळीत जाते ते यामुळेच. पाणी जसजसे मागे सरते तसतसा गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. तेथे गाळपेर होते, विद्युत पंप पुढे सरकवावे लागतात, मच्छीमारांच्या होड्या दूर जाऊन थांबतात. या सर्व ठिकाणी माणूस मोटारसायकलनेच जातो. पुढचे चाक चिखलात रुतते, उथळ पाण्यातून जाते आणि काठावर माजलेल्या वेड्या बाभळीच्या काट्यांवरून फिरते.

काट्यामुळे झालेले पंक्चर लगेच दिसून येते. चिखल-पाण्याचा परिणाम मात्र दिसत नाही. चाकाच्या मध्यातून आरपार जाणारा लोखंडी दांडा, ज्याला आपण एक्सल म्हणतो, तो ओलाव्याने गंजतो. तेल अडविणारे रबरी सील झिजले की पाणी बेअरिंगपर्यंत पोहोचते, आतील ग्रीस धुऊन जाते आणि गाळाचे बारीक कण तेथे साचतात. असा एक्सल दोन-तीन वर्षे काढलाच नाही, तर ऐन गरजेच्या वेळी तो जागचा हलत नाही. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, पुढचे चाक उतरवून एक्सल पुसून त्यास ग्रीस लावले, तर पुढील बहुतेक अडचणी उद्भवतच नाहीत.

चाक केव्हा उतरवावे

प्रत्येक पंक्चरसाठी चाक उतरवावे लागत नाही. ट्यूब असलेल्या टायरची एक कड रिमवरून काढून, ट्यूब बाहेर ओढून, चाक जागेवर असतानाच ठिगळ लावता येते. ट्यूब नसलेल्या टायरला तर बाहेरूनच दोरी भरली जाते. टायर किंवा संपूर्ण ट्यूब बदलणे, ब्रेकचे लायनर बदलणे, बेअरिंग बदलणे, वाकलेली रिम वा तुटलेल्या तारा दुरुस्त करणे, या कामांसाठी मात्र चाक खाली घ्यावेच लागते.

बेअरिंग खराब झाल्याची परीक्षा सोपी आहे. पुढचे चाक अधांतरी ठेवून हाताने फिरवावे. खरखर जाणवली किंवा चाक वर-खाली धरून हलविले असता बाजूला डुलले, तर बेअरिंगची तपासणी करून घ्यावी. बेअरिंग बदलणे हे कारागिराचे काम आहे. परंतु चाक गाडीवरून उतरवून तालुक्याच्या ठिकाणी नेले, तर निदान सबंध गाडी टेम्पोत घालून नेण्याचा खर्च वाचतो.

रचना समजून घ्यावी

आपल्या भागात सर्रास दिसणाऱ्या शंभर ते सव्वाशे सीसीच्या गाड्यांमध्ये पुढच्या काट्याच्या दोन पायांमधून एक्सल आडवा जातो. त्याच्या एका टोकाला डोके आणि दुसऱ्या टोकाला नट असतो. चाकाच्या एका बाजूस ब्रेकची थाळी असते. तिच्यावर एक खाच असून काट्याच्या पायावरील उंचवटा त्या खाचेत बसतो. ब्रेक दाबला असता थाळी चाकाबरोबर फिरू नये, यासाठी ही योजना आहे. चाकाच्या बाजूने वेगदर्शकाची तार येते आणि काट्याचा पाय व चाक यांमध्ये योग्य अंतर राखणारा एक धातूचा बुश असतो.

१ एप्रिल २०१९ पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींना, त्यांच्या इंजिनाच्या क्षमतेनुसार, पुढचा-मागचा ब्रेक एकत्र लावणारी व्यवस्था किंवा चाक घसरू न देणारी एबीएस व्यवस्था बंधनकारक झाली आहे. त्यामुळे नव्या गाड्यांत पुढच्या ब्रेककडे जाणारी जादा तार किंवा चाकाजवळ एक नाजूक विद्युत-तार असू शकते. तिला झटका बसू देऊ नये. कोणताही भाग सोडविण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी मोबाईलवर छायाचित्र घ्यावे आणि काढलेले भाग स्वच्छ पोत्यावर, काढले त्याच क्रमाने मांडून ठेवावेत. बसविताना कोणता बुश कोणत्या बाजूचा, हा प्रश्न मग पडत नाही.

गाडी स्थिर उभी करणे

अपघात बहुधा याच टप्प्यावर होतात. गाडी कडक, सपाट जागेवर मधल्या स्टँडवर उभी करावी. गाळाच्या मऊ जमिनीवर स्टँड खचतो. तेथे काम करणे भागच असेल तर स्टँडखाली जाड फळी घालावी. मधला स्टँड नसलेली गाडी केवळ बाजूच्या स्टँडवर उभी करून पुढचे चाक कधीही काढू नये.

मधल्या स्टँडवर गाडीचा तोल दोन्ही बाजूंस जवळजवळ सारखा असतो. मागच्या सीटवर वाळूची वा मातीची भरलेली गोणी ठेवली की पुढचे चाक आपोआप वर उचलले जाते. गोणी दोरीने पक्की बांधावी. याखेरीज इंजिनाच्या खाली बाभळीच्या लाकडाचा ठोकळा योग्य उंचीचा करून द्यावा. ठोकळा सायलेन्सरच्या नळीला किंवा तेल सोडण्याच्या बोल्टला टेकू नये. विटांची चळत रचून आधार देण्याची पद्धत धोक्याची आहे, कारण वीट अचानक फुटते. चाक निघाल्यावर गाडी हलविण्याचा मोह टाळावा आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.

पान्याला पर्याय

प्रथम वेगदर्शकाची तार सोडवावी. त्यानंतर ब्रेकच्या तारेचा फिरता नट सैल करून तार मोकळी करावी. डिस्क ब्रेक असल्यास चाक निघाल्यानंतर ब्रेकची मूठ दाबू नये. दाबल्यास आतील पॅड एकमेकांकडे सरकतात आणि चाक परत बसविता येत नाही. खबरदारी म्हणून दोन पॅडच्या मध्ये पातळ लाकडी पाचर घालून ठेवावी. डिस्कला तेलाचा वा ग्रीसचा हात लागू देऊ नये.

आता एक्सलचा नट. त्याच्यात दुमडलेली पिन असेल तर ती सरळ करून पकडीने ओढून काढावी. नटाला बसणारा रिंग पाना किंवा गोटी पाना हेच खरे हत्यार होय. रिंग पाना नटाच्या सहाही कोपऱ्यांना धरतो, तर उघड्या तोंडाचा पाना दोनच बाजूंना धरतो. स्क्रू पाना वापरावाच लागला तर त्याचे तोंड पूर्ण आवळून घ्यावे आणि जोर स्थिर जबड्यावर येईल अशा दिशेने तो फिरवावा.

हाताशी असलेला पाना किंचित मोठा असेल, तर नट आणि पान्याचा जबडा यांच्यामध्ये हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा सरकवून फट भरता येते. हा उपाय नट सोडविण्यापुरताच आहे. नटावर छिन्नी ठेवून ठोकणे मात्र सर्वथा टाळावे. छिन्नीने नटाचे कोपरे जातात, पुढे योग्य पानाही त्यावर बसत नाही आणि दहा मिनिटांचे काम वेल्डिंगच्या दुकानापर्यंत जाते.

नट हट्टी असेल तर पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळीचा तुकडा चढवावा. जुन्या हातपंपाची वा पाणीपुरवठ्याची अर्धा-पाऊण मीटर लांबीची नळी यास पुरते. शाळेत शिकविले जाणारे तरफेचे तत्त्व येथे कामी येते : दांड्याची लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच जोराचा परिणाम दुप्पट होतो. जोर झटक्याने न लावता हळूहळू वाढवावा आणि पाना निसटल्यास हात कोठे आदळेल याचा आधी अंदाज घ्यावा. नळी लावताना एक्सलचे दुसऱ्या बाजूचे डोकेही दुसऱ्या पान्याने धरून ठेवावे. अन्यथा नटाबरोबर एक्सलच फिरत राहतो.

गंजून अडकलेला एक्सल

नट निघाला, पण एक्सल बाहेर येत नाही, ही उजनीकाठची नेहमीची तक्रार आहे. अशा वेळी घाई उपयोगी पडत नाही. दोन्ही टोकांना डिझेल किंवा रॉकेलमध्ये थोडे इंजिन ऑइल मिसळून सोडावे आणि शक्य तर रात्रभर तसेच राहू द्यावे. तेल ब्रेकच्या लायनरवर किंवा डिस्कवर ओघळू नये म्हणून खाली चिंधी धरावी. सकाळी एक्सलचे डोके पान्याने थोडे पुढे, थोडे मागे असे फिरवून पाहावे. डोके फिरू लागले की गंजाची पकड सुटली असे समजावे.

तरीही ठोकण्याची वेळ आलीच, तर नट परत आट्यांवर चढवून एक्सलच्या टोकाशी अगदी समपातळीत आणावा. त्यामुळे घाव केवळ आट्यांवर पडत नाही आणि टोक फुगत नाही. हातोडी आणि एक्सल यांच्या मध्ये लाकडाचा कठीण ठोकळा किंवा पितळी तुकडा धरावा. एक्सल काट्याच्या पायापर्यंत आत गेल्यावर नट काढून, एक्सलहून किंचित कमी जाडीच्या सरळ सळईने त्याला पुढे लोटावे. सळई तिरपी धरल्यास बेअरिंगला इजा होते. टेंभा वा गॅसची ज्योत लावून एक्सल तापविणे धोक्याचे आहे. जवळच रबर, ग्रीस आणि वर पेट्रोलची टाकी असते.

आत खाच असलेला एक्सल

गेल्या काही वर्षांत गावांतील तरुणांकडे जड व वेगवान गाड्या आल्या आहेत. त्यांतील काही गाड्यांच्या पोकळ एक्सलला बाहेरून पाना लागत नाही; टोकाच्या आतील बाजूस मोठी षट्कोनी खाच असते. एवढी जाड एलेन की गावातच काय, तालुक्याच्या दुकानातही सहज मिळत नाही. यावर जगभर वापरली जाणारी एक सोपी युक्ती आहे आणि तिला लागणारे साहित्य कोणत्याही लोखंडी सामानाच्या दुकानात मिळते : एक षट्कोनी डोक्याचा बोल्ट आणि त्याच आट्यांचे दोन नट.

खाचेचे समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधील अंतर मोजावे आणि तेवढ्याच डोक्याचा बोल्ट घ्यावा. येथे एक बारकावा आहे. बाजारात जुन्या व नव्या अशा दोन्ही मापांचे बोल्ट मिळतात. १० मिलिमीटर जाडीच्या बोल्टचे डोके जुन्या मापात १७, तर नव्या मापात १६ मिलिमीटर असते. १२ च्या बोल्टचे १९ किंवा १८, १४ च्या बोल्टचे २२ किंवा २१ असते. १६ च्या बोल्टचे डोके मात्र दोन्ही मापांत २४ मिलिमीटर असते. म्हणून केवळ बोल्टची जाडी सांगून तो आणू नये; दुकानातच डोके मोजून घ्यावे. एक मिलिमीटरचा फरकही खाच बिघडविण्यास पुरेसा असतो.

बोल्टवर दोन्ही नट चढवावेत आणि दोन पान्यांनी ते एकमेकांवर घट्ट आवळावेत. बोल्टचे डोके मोकळे राहिले पाहिजे. हे डोके एक्सलच्या खाचेत पूर्ण आत बसवावे आणि नटाला पाना लावून फिरवावे. एक्सल सोडविताना आतला, म्हणजे बोल्टच्या डोक्याकडचा नट फिरवावा. एक्सल आवळताना बाहेरचा नट फिरवावा. असे केल्याने फिरविण्याच्या जोराने दोन्ही नट एकमेकांवर अधिकच घट्ट होतात. उलट केल्यास ते सुटून मोकळे फिरू लागतात. गावातील वेल्डरकडून दोन्ही नट बोल्टला कायमचे जोडून घेतल्यास हेच कायमस्वरूपी हत्यार बनते. बोल्टच्या डोक्याची उंची फार नसते; १२ च्या बोल्टचे डोके जेमतेम आठ मिलिमीटर उंच असते. म्हणून फिरविताना एका हाताने ते आत दाबून धरावे.

अशा गाड्यांत काट्याच्या पायाच्या तळाशी एक्सलला चिमटीत धरणारे छोटे बोल्ट असतात. ते आधी सैल करावेत. ते न पाहता एक्सलवर जोर लावणे हे अनेक मोडतोडींचे कारण असते.

बसवणी : येथे तडजोड नाही

चाक उतरविणे हे अर्धे काम झाले. जीविताचा प्रश्न उरलेल्या अर्ध्या कामात आहे.

एक्सल स्वच्छ पुसून त्यावर ग्रीसचा पातळ थर द्यावा. टायर नवा बसविला असेल तर त्याच्या बाजूवरील बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे, याची खात्री करावी. बुश आपल्या बाजूस ठेवावा. वेगदर्शकाच्या दातेरी भागाची जीभ चाकाच्या खाचेत बसली पाहिजे. न बसता नट आवळल्यास ती मोडते. त्यानंतर चाक काट्यात सरकवून ब्रेकच्या थाळीची खाच काट्यावरील उंचवट्यात बसली आहे, हे डोळ्यांनी पाहून आणि थाळी हाताने हलवून तपासावे. ही एक गोष्ट राहून गेली, तर गाडी वरवर व्यवस्थित दिसते. पण चालत्या गाडीत पहिला जोराचा ब्रेक दाबताच थाळी चाकाबरोबर फिरते, तार तुटते आणि चाक जागीच अडकते. स्वार पुढे फेकला जाण्यास एवढे पुरेसे असते.

एक्सल ज्या बाजूने काढला त्याच बाजूने घालावा. ड्रम ब्रेकच्या गाडीत नट अर्धवट आवळल्यावर ब्रेकची मूठ दाबून धरावी आणि मग नट पूर्ण आवळावा. त्यामुळे ब्रेकचे लायनर ड्रमच्या मध्यावर बसतात. काट्याच्या तळाशी चिमटीचे बोल्ट असलेल्या गाडीत आधी एक्सल आवळावा, गाडी स्टँडवरून खाली घेऊन पुढचा काटा तीन-चार वेळा दाबून सोडावा आणि त्यानंतर चिमटीचे बोल्ट आवळावेत. दुमडणारी पिन दर वेळी नवी घालावी. पिनेऐवजी बांधणीची तार किंवा खिळा घालणे म्हणजे नट सुटण्याची सोय करून ठेवणे होय. नटाचे आटे खराब झाले असतील तर नवा नट आणेपर्यंत गाडी घरी उभी ठेवावी.

मासळीच्या काट्याने आवळ मोजणे

नट किती आवळावा, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. सैल नट सुटतो. नळी लावून अवाजवी आवळलेल्या नटाचे आटे जातात किंवा बेअरिंगवर अनावश्यक ताण येतो. कारखान्यात यासाठी मोजणारा पाना वापरतात. गावात तो नसतो. पण मासळी वा कापूस तोलण्याचा आकड्याचा स्प्रिंगकाटा मात्र अनेक घरांत असतो. तो येथे उत्तम काम देतो.

गाडीच्या माहितीपुस्तिकेत प्रत्येक नटाच्या आवळाचे माप न्यूटन-मीटर किंवा किलो-मीटरमध्ये दिलेले असते. एक किलो-मीटर म्हणजे सुमारे दहा न्यूटन-मीटर. उदाहरणादाखल, पुस्तिकेत ५ किलो-मीटर, म्हणजे सुमारे ४९ न्यूटन-मीटर, हे माप दिले आहे असे समजू. नटाच्या मध्यापासून पान्यावर २५ सेंटिमीटर अंतर मोजून तेथे खूण करावी. त्या खुणेवर काट्याचा आकडा अडकवून पान्याला काटकोनात ओढावे. काट्यावर २० किलो दिसले की आवळ पुरा झाला; कारण २० किलो गुणिले पाव मीटर म्हणजे ५. पाना नळी लावून ५० सेंटिमीटर लांब केला असेल, तर १० किलोवरच थांबावे. येथील आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून दिले आहेत. प्रत्यक्ष माप आपापल्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावे. पुस्तिका हरवली असल्यास अधिकृत सेवा केंद्राकडे माप विचारून ते टाकीखाली वा घराच्या भिंतीवर लिहून ठेवावे.

यानंतर ब्रेकची तार जोडून मूठ योग्य ठिकाणी लागते की नाही पाहावे. चाक अधांतरी फिरवून ते घासत नाही, डुलत नाही, याची खात्री करावी. डिस्क ब्रेक असेल तर मूठ कडक होईपर्यंत दोन-चार वेळा दाबावी. गाडी प्रथम हाताने ढकलत नेऊन ब्रेक लावून पाहावा, मग मोकळ्या जागेत अगदी हळू शंभर मीटर चालवावी. परत आल्यावर नट पुन्हा एकदा तपासावा. मागे दुसरा माणूस बसविणे किंवा दुधाच्या किटल्या अडकविणे हे त्यानंतर.

गाव म्हणून काय करता येईल

या परिसराला यंत्रकामाची परंपरा नाही, असे नाही. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली आणि पुढे कुर्डुवाडीच्या रेल्वे कार्यशाळेत माढा व आसपासच्या अनेक कुटुंबांतील हात लोखंडाला सरावले. उसाच्या कारखान्यांनी आणि शेतीपंपांनी त्यात भर घातली. आज प्रत्येक गावात पंप खोलणारा, वेल्डिंग करणारा, इंजिन जाणणारा कोणी ना कोणी आहे. उणीव आहे ती योग्य हत्यार योग्य वेळी हाताशी असण्याची.

प्रत्येक घराने हत्यारांचा पूर्ण संच घेणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. ग्रामपंचायत, दूध संस्था किंवा मच्छीमार संस्था यांनी मिळून गावासाठी एक पेटी ठेवावी. तीत पुढीलप्रमाणे साहित्य असावे : गावात प्रचलित असलेल्या गाड्यांच्या मापाचे रिंग पाने व गोटी पाने, अर्धा मीटर लांबीची नळी, वेल्डिंग करून घेतलेले षट्कोनी बोल्ट, लाकडी हातोडा, पितळी तुकडा, ग्रीसचा डबा, नव्या पिना, स्प्रिंगकाटा आणि प्रमुख गाड्यांच्या आवळाची मापे लिहिलेला कागद. पेटी नेणाऱ्याचे नाव वहीत नोंदवावे आणि हत्यारे मोजून परत घ्यावीत. एखादे गायब झालेले गोटी पान्याचे तोंड पुढच्या माणसाला पुन्हा छिन्नीकडे वळविते, हे व्यवस्था पाहणाऱ्याने विसरू नये.

शिक्षकांनाही यात मोठा वाव आहे. तरफ, बल, घर्षण, गंजणे हे विषय पाठ्यपुस्तकात असतातच. कार्यानुभवाच्या तासाला शाळेच्या अंगणात एक मोटारसायकल आणि एक स्प्रिंगकाटा आणून २५ आणि ५० सेंटिमीटरवर लागणारा जोर विद्यार्थ्यांकडून मोजून घेतला, तर तरफेचा धडा त्यांच्या कायमचा लक्षात राहील. मुले घरी जाऊन वडिलांना पिन नवी घालण्याची आठवण करून देतील, हा त्यातील जादा लाभ. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशकांना वर्षातून एक दिवस गावात बोलावून प्रात्यक्षिक घेता आले, तर गावातील दुरुस्ती करणाऱ्या तरुणांनाही आपली पद्धत पडताळून पाहता येईल.

पावसाळा संपून जलाशय भरला की काठावरची वर्दळ काही काळ रस्त्यापुरती मर्यादित राहते. तोच काळ या कामासाठी सोयीचा आहे. उन्हाळ्यात पाणी मागे सरून गाडी पुन्हा गाळात उतरण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने आपल्या गाडीचे पुढचे चाक एकदा उतरवून, पुसून, ग्रीस लावून आणि आवळ मोजून परत बसवावे. ग्रामपंचायतीने पेटीची व्यवस्था केली आणि ग्रामसभेत या विषयासाठी पंधरा मिनिटे दिली, तर एवढे काम कोणत्याही विशेष खर्चाविना होण्यासारखे आहे.